४० पोळ्यांना गॅस किती लागतो?

नमस्कार,

आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो. घरात आप्पा (माझे सासरे), मोठे दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमचा सात वर्षांचा मुलगा. स्वयंपाकघर एकच. सिलिंडरचे पैसे दीर-जाऊबाई भरतात, किराणा आणि दूध आमच्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. त्यावरून कधी शब्द झाला नव्हता.

दिवाळीनंतर मी पोळ्या करून द्यायला लागले. शेजारची दोन घरं आणि खोली करून राहणाऱ्या कॉलेजच्या चार मुली, मिळून रोज ४०. रविवारची सुट्टीसुद्धा नाही. कणीक माझी, तेल माझं, गॅस मात्र घरचा. आधी आमचा सिलिंडर ३२ दिवस जायचा, आता २२ दिवसांत संपतो. परवा जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हिच्या पोळ्या महिन्याला अर्धा सिलिंडर खातात.' मी म्हटलं, पाऊण तासाचं तर काम, त्याला असा किती गॅस लागणार? महिन्याला १०० रुपये देते. त्यावर त्या म्हणाल्या, 'शंभरात काय येतं?' तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

भाच्याने गॅस किती उरलाय ते दाखवणारं मीटर ऑनलाइन मागवून बसवलं. ते सिलिंडर संपायच्या आदल्या दिवसापर्यंत हिरवंच होतं. माझी नणंद अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या परसात प्रोपेनची मोठी टाकी आहे. ती म्हणते, आमच्या टाकीवरचा काटा बरोबर दाखवतो, तुमचाच कसा खोटा?

पोळ्यांचा गॅस वेगळा काढता येईल का? शेगडी दोन बर्नरची आहे, पोळ्या मोठ्या बर्नरवर करते. हल्ली आप्पांच्या आंघोळीचं पाणीही गॅसवरच तापतं, कारण धुराने खोकला वाढतो म्हणून डॉक्टरांनी बंब बंद करायला लावला. गीझर वरच्या मजल्यावर आहे, पण आप्पांना जिना झेपत नाही.

– धाकटी

•

धाकट्या वहिनी,

आकडा आधी सांगते, मग तो कुठून आला ते. तुमच्या ४० पोळ्यांना रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. महिन्याचे झाले पावणेचार किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधले पावणेचार, म्हणजे पाव सिलिंडर आणि वर थोडा. जाऊबाई अर्धा म्हणाल्या तो जास्त झाला, आणि तुम्ही शंभर रुपये देऊ केलेत ते कमी झाले. दोघींचंही चुकलं, पण कुणी खोटं बोललेलं नाही.

आता हिशोब. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस भरतात १४.२ किलो. तो ३२ दिवस पुरत होता तेव्हा घर रोज ४४४ ग्रॅम जाळत होतं. २२ दिवसांत संपतो म्हणजे रोज ६४५ ग्रॅम. वाढ झाली रोजची २०० ग्रॅम. भांडण आहे ते या दोनशे ग्रॅमचं. ते कुणाकुणाचे, एवढंच शोधायचं.

पोळ्यांचा वाटा काढायला शेगडीबरोबर आलेलं माहितीपत्रक लागतं. बर्नर पूर्ण आचेवर तासाला किती ग्रॅम गॅस घेतो ते त्यात छापलेलं असतं. पत्रक हरवलं असणार, सगळ्यांचंच हरवतं. साध्या घरगुती शेगडीत छोटा बर्नर तासाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम आणि मोठा पावणेदोनशेच्या अलीकडे-पलीकडे घेतो. तुमचा मोठा बर्नर १७० धरू. पाऊण तासाला त्याचे होतात १२८. तवा तापल्यावर तुम्ही आच थोडी उतरवत असणार, म्हणजे खरा आकडा याच्या जरा खालीच येईल. पण पैशाच्या हिशोबात आपल्या अंगावर थोडं जास्त धरलेलं बरं, म्हणून मी पूर्ण आचच धरली. एका पोळीला साधारण तीन ग्रॅम.

सिलिंडर सोयीसाठी ९०० रुपयांना धरला (तुमच्या पावतीवर असेल तो आकडा घाला), तर एक किलो गॅस पडतो ६३ रुपयांना. ४० पोळ्यांचा गॅस रोजचा आठ रुपये, म्हणजे पोळीमागे २० पैसे. महिन्याचे झाले २४० रुपये. तुम्ही पोळी कितीला देता ते लिहिलं नाहीत. कितीलाही देत असाल तरी २० पैसे त्यात सहज सामावतील. कणीक-तेलाचा हिशोब लावताना गॅस सुटला, एवढंच झालंय. घरून डबे देणाऱ्या बहुतेक बायकांचा हाच खर्च सुटतो, कारण तो मोजून विकत आणावा लागत नाही, नुसता भिंतीपलीकडून येत राहतो.

दोनशेतले सव्वाशे निघाले. उरलेले पंचाहत्तर कुठे गेले? ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळींत आहेत.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. एक ग्रॅम गॅस जळला की सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता निघते, पण ती सगळी भांड्यात जात नाही. बरीचशी पातेल्याच्या कडेने वर निघून ओटा आणि आपली हनुवटी तापवते. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानकात किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. ती प्रयोगशाळेतली, स्वच्छ बर्नरवर आणि ठरलेल्या भांड्यावर मोजलेली. आपल्या रोजच्या वापरात ६० टक्के धरा. मग एका ग्रॅममधले साडेसहा किलोकॅलरीच पाण्याला मिळतात. आप्पांसाठी तुम्ही दहा लिटरचं पातेलं ठेवत असाल, नळाचं पाणी थंडीतलं २० अंशांचं, आणि विसावण घालायचंय म्हणून ते ६० पर्यंत कडक करत असाल, तर ४०० किलोकॅलरी हव्यात. म्हणजे ६० ग्रॅम गॅस, रोज.

सव्वाशे आणि साठ मिळून एकशे पंच्याऐंशी. राहिलेले पंधरा थंडीचे समजा. नळाचं पाणी गार असलं की भात, आमटी, चहा सगळ्यांनाच थोडं जास्त जळण लागतं. इतकं छान जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका, माझ्या अंदाजात १५-२० टक्के इकडचं तिकडे होऊ शकतं. पण चित्र हेच राहील: वाढीतला मोठा हिस्सा पोळ्यांचा, लहान हिस्सा पाण्याचा. दोन्ही गोष्टी दिवाळीनंतरच सुरू झाल्या, आणि डोळ्यांवर आल्या त्या फक्त पोळ्या, कारण त्यांचे पैसे येतात.

आता इथे एक काळजी घ्यायची आहे. ती हिशोबापेक्षा महत्त्वाची, म्हणून मध्येच सांगते. हे साठ ग्रॅम जेवायला बसल्यावर आप्पांसमोर काढू नका. 'नुसत्या माझ्या पोळ्यांनी नाही काही, आंघोळीच्या पाण्यालाही गॅस लागतो' हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, वकिली मुद्दा म्हणून ते बिनतोडही आहे. पण उद्या पहाटे म्हातारा माणूस गार पाण्याचा तांब्या अंगावर घेईल आणि कुणाला बोलणारही नाही. माझ्या आजोबांनी अशाच एका वाक्यावरून दुपारचा चहा सोडला होता. तो त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही, आणि ते वाक्य कुणाचं होतं ते आमच्या घरात आजही कुणी उच्चारत नाही. पाण्याची गोष्ट जाऊबाईंशी, दोघीच असताना.

पाणी विजेवर नेलं तर वाचेल का, असं मनात येईल. ४०० किलोकॅलरी म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. ६० ग्रॅम गॅसचे चार रुपये आणि अर्ध्या युनिटचेही त्याच्याच आसपास. पैशासाठी काही बदलायची गरज नाही. खाली न्हाणीत छोटा गीझर बसवलात तर तो पहाटे पाचला उकळतं पातेलं उचलून न्यायला लागू नये म्हणून बसवा. मला त्या पातेल्याचीच जास्त भीती वाटते.

भाच्याच्या मीटरबद्दल. ते खोटं नाही, ते वेगळंच काहीतरी मोजतंय. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ. शेगडीकडे जाते ती वाफ. वाफ गेली की तेवढा द्रव उकळून ती जागा भरून काढतो. त्यामुळे आतला दाब सिलिंडर भरलेला असताना जेवढा, तळाशी चार वाट्या द्रव उरल्यावरही तेवढाच. दाब ठरतो हवामानावर, किती गॅस उरलाय त्यावर नाही. तो काटा दाब दाखवतो, म्हणून महिनाभर हिरवा राहतो आणि शेवटचा द्रव संपला की एकदम लाल होतो. तोवर गॅस गेलेला तुम्हाला कुकरनेच सांगितलेलं असतं.

नणंदेच्या टाकीत आत तरंगणारा गोळा असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. द्रवाची पातळी उतरली की गोळा उतरतो आणि वर काटा फिरतो. म्हणून तिचा काटा खरं बोलतो. मात्र तिला विचारा, टाकी भरून गेल्यावर काटा कितीवर होता? उत्तर ८० येईल. उन्हाने द्रव फुगतो, म्हणून तिथे टाकी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत. ५०० गॅलनची टाकी म्हणजे ४०० गॅलन माल.

तिच्याकडचा हिशोब आपल्यापेक्षा सोपा आहे, कारण तिथे प्रत्येक बर्नरचा आकडा बीटीयूमध्ये, म्हणजे उष्णता मोजायच्या तिकडच्या एककात, लिहिलेला मिळतो. एक गॅलन प्रोपेनमध्ये साधारण ९१,५०० बीटीयू उष्णता असते. ९,००० बीटीयूचा बर्नर पूर्ण आचेवर दहा तास चालला की एक गॅलन संपतो. गॅलनभर प्रोपेनचं वजन १.९ किलो, म्हणजे तासाला १९० ग्रॅम. बघा, तुमच्या मोठ्या बर्नरच्या शेजारीच येऊन बसला. तिच्या बिलाचा डोंगर स्वयंपाकाचा नसणार. घर उबदार ठेवणारी भट्टी आणि पाण्याचा हीटर टाकी रिकामी करतात, पोळ्या बिचाऱ्या त्यात कुठेच नाहीत. आणि टाकी परसात, बर्फात, तरी गॅस येतो कसा? प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवरसुद्धा उकळतो. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास येईतो उकळायचं नाव काढत नाही. प्रोपेन आधी उडून जातो, ब्युटेन मागे राहतो. म्हणून जानेवारीत सिलिंडर तळाला आला की सकाळची आच मंदावते आणि दुपारी पुन्हा बरी होते. अशा वेळी काही जण सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवा करून हलवतात. कृपा करून तुमच्या घरात हे कुणाला करू देऊ नका.

मग मोजायचं कसं? वजन करून. दुसरा खात्रीचा मार्ग नाही. ओल्या फडक्याने सिलिंडर पुसला की वरचा भाग लवकर वाळतो आणि द्रव असलेला खालचा भाग ओलसर राहतो. ती रेघ बघून 'अर्धा आहे', 'पाव आहे' एवढं कळतं. दुसरा सिलिंडर कधी बोलवायचा ते ठरवायला ते पुरतं, जाऊबाईंना पटवायला नाही.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. १५.३, १६.१ असं काहीतरी. प्रत्येकाचं वेगळं. आजचं वजन वजा ते वजन, बरोबर उरलेला गॅस. त्याच पट्ट्यांवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ती त्या सिलिंडरची पुढची तपासणी कधी, त्याची खूण आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग पुढे तीन-तीन महिने. नवा सिलिंडर घेताना तेही बघून घ्या, दोन सेकंदांचं काम. आणि सिलिंडर दारात आला की तिथेच वजन करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. लाजू नका. भरलेला सिलिंडर २९-३० किलोच्या घरात भरायला हवा. तुमच्या २२ दिवसांमागे कमी भरलेला सिलिंडर तर नाही ना, हे पहिल्या वजनातच कळेल.

काटा कुठला? मी पहिल्यांदा मोजलं ते गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला थांबवून, त्याच्या लटकत्या ताणकाट्यावर. त्याला वाटलं मी सिलिंडर भंगारात काढतेय, आणि तो भावही सांगायला लागला. माणसांचं वजन करायचा बाथरूमचा डिजिटल काटा चालतो. त्यावर आधी पाट ठेवा, नाहीतर सिलिंडरच्या खालच्या कड्याखाली आकडा झाकला जातो. पाटाचं वजन वजा करा. काटा दर वेळी त्याच फरशीवर ठेवा, फरशी बदलली की हे काटे लहरी होतात. वजन करताना शेगडीची सगळी बटणं बंद करा, रेग्युलेटर काढून बाजूला ठेवा आणि सिलिंडर दोघींनी उचला.

रोज वजन करू नका. काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने चालतो आणि तुमच्या पोळ्या सव्वाशेच्या, रोजच्या आकड्यातून भांडणच वाढेल. आठवड्याने करा. शेजारी आठवडाभर पोळ्या नको म्हणाले, मुली परीक्षा संपवून घरी गेल्या, असा एक आठवडा कधीतरी येईल. तो जसाच्या तसा मोजून ठेवा. पोळ्यांच्या आणि बिनपोळ्यांच्या आठवड्यातला फरक हा माझ्या कागदावरच्या गणितापेक्षा खरा. आमच्याकडे आई कालनिर्णयच्या पानावर 'गॅस लावला' एवढंच लिहायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. त्यापुढे फक्त वजन लिहायचं राहिलं होतं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत आणि मला सांगायलाच हवी. घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी. पैसे घेऊन पोळ्या विकणं हा धंदा झाला, चाळीस असोत की चारशे, आणि घरगुती सिलिंडर त्यासाठी वापरायला २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाने मनाई आहे. गावात कोण बघायला येतंय, हे मलाही ठाऊक आहे. पण उद्या कुणाशी वाजलं आणि तक्रार झाली, तर कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि ते तुम्ही नाही.

यावरचा उपाय तुमच्या भांडणावरही चालतो. बाजारभावाने मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तुमच्या कामाला तो चालेल ना, हे एजन्सीत आधी विचारून घ्या. जोडीला एका बर्नरची शेगडी. पोळ्यांपुरता तो सव्वाशे ग्रॅमने ४० दिवस पुरेल. घरगुती गॅसपेक्षा किलोमागे महाग पडेल, पोळीला २० ऐवजी ३० पैसे धरून ठेवा. पण मग वही नको, काटा नको, शंभर की अडीचशे हा वादही नको. छोटा संपला की तुमचा संपला. शेगडी मागच्या पडवीत मांडा, हवा खेळती असेल तिथे. सिलिंडर उभाच आणि जमिनीवर, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून खड्ड्यात किंवा चारी बाजूंनी बंद कप्प्यात सिलिंडर नको. नळी आयएसआय मार्कची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून बघणारे लोक अजून आहेत, त्यांना ओट्यापासून लांब ठेवा.

तोपर्यंत तव्याखालचा गॅस वाचवायची एक युक्ती. तुमच्या पाऊण तासात तवा रिकामा किती वेळ तापतो ते एकदा घड्याळ लावून बघा. एकटीने लाटायचं आणि भाजायचं म्हटलं की गोळा तोडताना, पीठ सांडलं म्हणून पुसताना, दाराशी कुणी आलं म्हणून तवा नुसता जळत असतो. सगळे गोळे आधी करून ओल्या फडक्याखाली ठेवले आणि पहिल्या चार पोळ्या लाटून मगच तवा चढवला, तर पाच-सात मिनिटं सुटतात. ज्योत पिवळी असेल आणि तव्याची पाठ काळी पडत असेल तर बर्नरची भोकं सुईने साफ करा, गॅस अर्धवट जळतोय.

आणि खरी मोठी गळती पोळ्यांत नाहीच, ती झाकण नसलेल्या पातेल्यांत आहे. लिटरभर पाणी उकळीला आणायला ११-१२ ग्रॅम लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ होऊन उडून गेलं तर ८० ग्रॅम जातात, सातपट. उकळी आल्यावर मोठ्या आचेवर खळखळवलं तरी पाणी शंभराच्या वर तापत नाही, डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते. उकळी आली की आच बारीक आणि वर झाकण. कुकरचंही तेच, शिट्टी झाली की बारीक. तुमच्या घरात आमटी कोण खळखळवतं ते मी विचारत नाही.

जाऊबाईंकडे जाताना हे पत्र दाखवायला नेऊ नका, माझं नाव पुढे केलंत की त्या माझ्याशी भांडतील. आधी २४० रुपये ठेवा. दिवाळीपासूनचा फरकही ठेवा, तोही पुरता, घासाघीस न करता. 'ताई, मी शंभर म्हटलं ते कमी होतं, हिशोब केला तर अडीचशेच्या घरात जातंय', एवढं एकच वाक्य. 'पण अर्धा सिलिंडर नाही हं', हे दुसरं वाक्य गिळा. ते काटा सांगेल. पुढचा सिलिंडर आला की त्यांनाच हाक मारा, एकटीने उचलणार नाहीच तो. तुम्ही दोघी मिळून पाटावर ठेवा आणि आकडा त्यांना वाचू द्या, वहीत लिहू द्या. आठवड्याने पुन्हा. त्यांच्या हातचा आकडा त्यांना खोटा वाटणार नाही.

आंघोळीच्या पाण्याचे साठ ग्रॅम बहुधा त्यांच्याच लक्षात येतील, वही लिहिता लिहिता. आले तर त्यांना म्हणू द्या. तुम्ही फक्त खालच्या गीझरचं विचारा, आणि त्याचे निम्मे पैसे तुमचे असं सांगून ठेवा.

पहिल्या वजनाचा आकडा आला की मला कळवा. २९ किलोच्या बराच खाली भरला, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी एजन्सीत जायचंय, दोघींनी.